सटवा हयात आहे

मेलेल्या माणसाच्या नावावर जमीन असणं यात नवल काहीच नाही. आमच्या साताऱ्याकडच्या गावांत निम्म्या सातबाऱ्यांवर अजून पणजोबाच नांदताहेत, कारण वारसनोंदीसाठी तलाठ्याकडे जायचा सगळ्यांना कंटाळा. पण गेल्या मार्गशीर्षात बीड जिल्ह्यात जो सातबारा माझ्या हाती आला, त्यावरचा माणूस मेलाय असं म्हणायलाच तिथं कोणी धजत नव्हतं. परत येऊन मला दोन महिने झाले. घरात अजून धड कोणाला सांगितलेलं नाही, कारण मुलगा म्हणेल, आई, तुला ऊन लागलं असेल. म्हणून लिहून काढते आहे.

मी छत्तीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं आणि निवृत्त झाल्यावर हौसेनं मोडी शिकले. तेव्हापासून लोक पिशवीत जुने कागद घालून दारात येतात. मी वाचून देते, देवनागरीत उतरवून खाली सही करते. असाच एकदा भाऊसाहेबांचा फोन आला. सिरसाळ्याच्या बाजूला एका गावचे हे जुने देशमुख. गावाचं नाव मी देणार नाही.

‘‘मॅडम, आमच्या घरी कागदांचा एक रुमाल बांधून ठेवल्याला हाय,’’ ते म्हणाले. त्यांच्या जमिनीला लागून, अगदी गावच्या शिवेवर तीन एकरांची एक पट्टी होती, आणि ती सटवा नावाच्या माणसाच्या नावावर होती. आता शेजारून नवा रस्ता निघणार होता आणि भाऊसाहेबांना ती पट्टी हवी होती. ‘‘आमच्या वाडवडलांनी ती काय तरी अट घालून दिलती म्हनत्यात. अट मोडली आसंल तर जमीन परत आमची. तेवढी अट हुडकून द्या.’’

‘‘कागदात असेल तेच वाचीन,’’ मी बजावलं. ‘‘तुम्हाला हवं ते नाही.’’

‘‘आमाला बी तेच पायजे.’’

बीड

एसटीनं मला बीडला उतरवलं तेव्हा कळलं की वाचायचा चष्मा सीटवरच राहिला. ज्या कामासाठी रात्रभर हाडं खिळखिळी करून घेतली, त्याचं हत्यारच घालवून बसले! स्वतःला मनसोक्त शिव्या घालून स्टँडबाहेरच्या हातगाडीवरून एक चष्मा घेतला. त्यातून अक्षरं ठीक दिसायची, माणसं मात्र जरा वाकडी दिसायची.

भाऊसाहेबांनी जीप देऊन बालाजी नावाच्या ड्रायव्हरला पाठवलं होतं. चाळिशीचा, गोल तोंडाचा, क्षणभर गप्प न बसणारा माणूस. गावाला जाण्याआधी आम्ही नजीर मास्तरांकडे गेलो. हा सगळा मुलूख निजामाचा, त्यामुळे तेव्हाचे सरकारी कागद उर्दूत, आणि उर्दू मला ओ की ठो कळत नाही. मास्तर ऐंशीच्या घरातले. जिल्ह्यातले असे कागद वाचायला लोक त्यांच्याकडेच येतात. बशीत ओतलेला चहा फुंकत त्यांनी बालाजीनं आणलेल्या त्या पट्टीच्या नकला एकेक करून वाचल्या.

‘‘कब्जेदार, सटवा. शेरा, हयात.’’ दुसरा कागद. ‘‘कब्जेदार, सटवा. हयात.’’ तिसरा, चौथा, पाचवा. मधे किती पिढ्या गेल्या असतील कोण जाणे, पण नाव तेच आणि पुढं शब्द तोच.

‘‘म्हणजे जिवंत आहे असं?’’

‘‘जी. जिंदा.’’ मास्तरांनी कागद खाली ठेवले. ‘‘बगा मॅडम, मेलेल्याचं नाव चालू ऱ्हायलं, ही तर नेहमीची गल्ती हाय. पन जिता माणूस जिता हाय, हे कुनी मुद्दाम कावून लिवंल? तुमच्या नावाम्होरं कुनी लिवतंय का?’’

मी हसले. ते हसले नाहीत. निघताना दारापर्यंत आले आणि म्हणाले, ‘‘तुमचा मोडीचा कागद मनात वाचा. मोठ्यानं नका वाचू.’’ म्हाताऱ्या माणसांना असं काहीतरी गूढ बोलायची खोडच असते, असं मी तेव्हा मनाशी म्हटलं.

गावाकडे

सिरसाळ्याच्या बाजारात नुसती झुंबड होती. दुसऱ्या दिवशी मार्गशीर्षातली अमावस्या, म्हणजे इकडची येळवस. आमच्याकडे हा सण कोणाला ठाऊकही नाही. त्या दिवशी सगळं गाव रानात जेवतं, म्हणून बायका मेथी, चुका, वालाच्या शेंगा, ओला हरभरा पिशव्या फाटेस्तोवर भरत होत्या. बालाजीनंही घरच्यासाठी भाजी घेतली आणि पुढचे पाऊण तास, या सगळ्या भाज्या एकत्र घोटून करतात त्या भज्जीचं वर्णन करून माझ्या पोटात आग पाडली.

मग एकाएकी तो गप्प झाला. रस्त्याच्या कडेला शेंदूर फासलेला गुडघाभर उंचीचा दगड होता आणि त्यामागं ज्वारीची एक अरुंद पट्टी. हीच का ती, म्हणून मी विचारायला गेले, ‘‘अहो बाला…’’

त्यानं गाडी चालवता चालवता तळहात माझ्या तोंडासमोर धरला. अगदी तोंडावर! मला असा राग आला म्हणता. दगड मागं पडल्यावर त्यानं श्वास सोडला.

‘‘माफ करा, मॅडम. हितं कुनी कुनाला नावानं हाक मारत न्हाई. शिट्टी मारायची, न्हाई तर खडा मारायचा.’’

‘‘कावून?’’ हा शब्द मी दिवसभरात उचलला होता.

‘‘कावून म्हंजे? न्हाई मारत.’’

मागं वळून पाहिलं तर सरपणाची मोळी घेतलेली एक बाई त्या दगडापाशी थांबली होती. तिनं मोळी डोक्यावरून उतरवली, पोटाशी धरली, पट्टी ओलांडली आणि पलीकडे जाऊन परत डोक्यावर घेतली. तिच्या दृष्टीनं त्यात काही विशेष नसावं.

गावात शिरलो तर घरामागून घर कुलूपबंद. माणसं दिवाळीनंतर ऊसतोडीला गेलेली, ती थेट उन्हाळ्याच्या तोंडाशीच परतणार. भर दुपारच्या उन्हात एक कुत्रं आमच्या गाडीमागं आलं, पण भुंकलं नाही. मला कधी नव्हे ते घरची आठवण आली.

भाऊसाहेबांचं घर मात्र नवंकोरं. चकचकीत फरशी, सोफ्यावरचं प्लॅस्टिक अजून न काढलेलं, आणि कागदांचा रुमाल ठेवलाय कुठं, तर टीव्हीच्या खाली, रिमोटच्या शेजारी. भाऊसाहेब साठीचे, पांढऱ्या कपड्यातले, बोलायला मऊ. खरं सांगते, माणूस मला आवडला. बाजरीची गरम भाकरी, दही आणि शेंगदाण्याची चटणी पुढं आली. आमच्याकडच्या कोरड्या चटणीपेक्षा ही तेलानं ओलसर, आणि तिखट अशी की डोळ्यांतून पाणी.

जेवून मी रुमाल सोडला. वरचे कागद सरंजामी कामकाजाचे, नेहमीचेच. तळाशी एक लांब कागद होता, दोन बंद, म्हणजे ताव, एकमेकांना डकवून केलेला, सांध्यावर शिक्का. पहिल्या ओळीतच ‘सटवा’ दिसला, आणि मी काय करावं? मास्तरांचं सांगणं पार विसरून वर्गात धडा वाचावा तशी खणखणीत आवाजात वाचायला लागले.

हकीकत अशी होती. दोन गावांच्या शिवेचा तंटा पडला होता. पंचांनी ठरवलं की शिवेचा राखणदार सटवा यानं डोक्यावर मातीचं ढेकूळ घेऊन खरी शीव चालून दाखवावी. दोन्ही गावं मागं चालत होती. ऐन दुपारी, चालता चालता सटवा पडला आणि मेला. एक गाव म्हणालं, खोटं चालला म्हणून मेला. देशमुख म्हणाले, खरंच चालला, आयुष्य सरलं म्हणून मेला. आता मेलेल्याला विचारणार कोण? तेव्हा पंचांनी निवाडा दिला, की जिथं तो पडला ती तीन एकर जमीन ना या गावची ना त्या गावची, ती सटवाचीच. देशमुखाच्या घरच्या वडीलधाऱ्यानं दर साली मार्गशीर्षातल्या अमावस्येला दोन प्रहरी शिवेवर उभं राहून सटवाला तीन हाका माराव्यात. ओ आली तर सटवा हयात, जमीन त्याची. तिन्ही हाकांना ओ आली नाही तर सटवा मयत, जमीन देशमुखाची. आणि शेवटची ओळ: जो कोणी शिवेवर उभा राहून ओ देईल तो सटवाच जाणावा, फिरून विचारणा करू नये.

मी वर पाहिलं. स्वयंपाकघरातली भांड्यांची खुडबुड थांबली होती. बालाजी दाराच्या चौकटीला धरून उभा होता.

‘‘तीस सालं झाली, मी जातोय,’’ भाऊसाहेब हळूच म्हणाले. ‘‘वडलांच्या माघारी. दगडाजवळ हुबं ऱ्हायचं, सटवाऽ म्हनून तीनदा वरडायचं, सटवाच्या घरातलं कुनी तरी ओ देतंय, मग निवद दाखवून जेवायचं. मला वाटलं, पूजेची रीत हाय. कशासाठी ते कुनीच सांगितलं न्हाई.’’ त्यांनी गठ्ठ्यातून एक लाल कापडाची वही काढली. पानोपानी साल, त्यापुढं ‘सटवा, हयात’ आणि एक अंगठा. काही अंगठे रुंद, काही बायकी, एक तर एवढासा, लेकराचा. नाव सगळ्यांचं एकच. सटवाच्या घरात थोरल्या मुलाचं नाव म्हणूनच पिढ्यान्‌पिढ्या सटवा ठेवतात.

‘‘मग आताचा सटवा?’’ मी विचारलं.

‘‘त्यो कारखान्यावर हाय, कर्नाटकात. बायकू-पोरं बी संगंच. हितं त्याची आई तेवढी हाय, कौसाबाई. मागल्या चार-पाच सालांत तीच ओ देत होती.’’ ते थांबले. ‘‘दिवाळीत तिला लकवा मारला. वाचा गेलीया.’’

उद्याच येळवस होती. भाऊसाहेबांनी कागदाची घडी घातली आणि डोळे मिटून बसले. जी गोष्ट आजवर कोणाला ठाऊक नव्हती, ती मीच माझ्या तोंडानं त्यांच्या हातात दिली होती.

‘‘हे कोर्टात टिकेल असं वाटतं तुम्हाला?’’ मी जरा फणकाऱ्यानंच म्हटलं.

‘‘कोर्टाचं वकील बघंल. मी माझ्यापुरतं ठरवलंय. उद्या ओ आली तर रस्ता गेला खड्ड्यात, मी त्या जमिनीकडं बघनार न्हाई. न्हाई आली तर अर्ज टाकनार. तुमी साक्षीला ऱ्हावा.’’

‘‘कोणीही ओ दिली तरी चालतं म्हणे. गावातल्या दुसऱ्या कोणी दिली तर?’’

यावर बालाजी बोलला. ‘‘कोन देतंय, मॅडम? माझ्या आज्याच्या टायमाला एका मापाड्यानं गमतीनं दिलती. बाजारात धान्य मोजायचा, परगावचा. त्याच्या बायकूनं घरी हाक मारली तर त्याला आपलं नावच वळखू येईना. सटवा म्हनलं की मातर झटकन वळून बगायचा. शेवटपर्यंत तसाच ऱ्हायला.’’

भाऊसाहेबांनी त्याला गप्प केलं नाही, हेच मला जास्त लागलं.

कौसाबाई

मला बसवेना. ऊन उतरायच्या आत मी बालाजीला घेऊन कौसाबाईकडे गेले. पत्र्याची एक खोली, सारवलेलं स्वच्छ अंगण. म्हातारी भिंतीला टेकून बसली होती, तोंड एका बाजूला ओढलेलं. मी कोण ते बालाजीनं सांगितलं. ती माझ्याकडे पाहत राहिली, मग कनवटीचा मोबाइल काढून एक बटण दाबून माझ्या हाती दिला. पलीकडे कोयत्यांचा आवाज, ट्रॅक्टरची घरघर आणि तिचा मुलगा.

‘‘मॅडम, बालाजीभाऊनं सांगितलं मला. तुमी कशाला वाचलं ओ ते?’’

‘‘चुकलं माझं,’’ मी म्हणाले. ‘‘तू येऊ शकतोस का?’’

‘‘उचल फिटल्याबिगर मुकादम सोडत न्हाई, आन सोडलं तरी हितून यायला दीड रोज लागतोय. उद्याला कसा पोचू? फोनवरून ओ दिली तर?’’

‘‘शिवेवर उभं राहून, असं लिहिलंय रे.’’

त्यानं कोणाला तरी ट्रॅक्टर बंद करायला सांगितलं. मग म्हणाला, ‘‘ती तीन एकर हायती म्हनून आमाला माघारी यायला गाव हाय. न्हाई तर कारखाना नेईल तिकडं जायचं, आन तिकडंच मरायचं. आईला नका सांगू, पन लई भ्या वाटतंय.’’

फोन स्पीकरवर होता. कौसाबाईनं सगळं ऐकलं. तिनं तोंड उघडलं, मान ताणली, गळ्याच्या शिरा टरारल्या, आणि नुसती हवा बाहेर आली. परत एकदा. परत एकदा. ती उद्याचा सराव करत होती. मला रडू आलं आणि मी तोंड फिरवलं.

येळवस

सकाळपासून गाव रानात गेलं. जे काही गाव उरलं होतं ते, म्हणजे म्हातारी माणसं, बायका आणि भाऊसाहेबांचे चार पाहुणे. कडब्याच्या पेंढ्यांची छोटी खोप केली होती, आत चुन्यानं रंगवलेले पाच खडे मांडले होते, वर घोंगडी. भज्जी, बाजरीच्या पिठाचे वाफवलेले गोळे, म्हणजे उंडे, गव्हाची खीर, आणि मडक्यात गार आंबील, ताकातली, लसणाचा ठसका असलेली. एरवी मी वाडग्यामागून वाडगा रिचवला असता. त्या दिवशी मी पहिलाच वाडगा भरलेला खाली ठेवला.

दोन प्रहरी सगळे दगडापाशी जमले. वारा पडला होता. एवढ्या ज्वारीत एक पान हलत नव्हतं, आणि सगळ्यांच्या सावल्या पायाखाली गेल्या होत्या. पाखरांचा आवाज कधी थांबला ते मला कळलं नाही. कौसाबाईला दोघी बायकांनी धरून पट्टीत उभं केलं. भाऊसाहेब दगडाच्या अलीकडे उभे राहिले. मी पलीकडे, कौसाबाईपासून चार हातांवर, वही घेऊन.

‘‘सटवाऽऽ!’’

आवाज रानभर गेला. कौसाबाईचं तोंड उघडलं. नुसती हवा. डोळ्यांतून पाणी गालावर आलं, पण ओ आली नाही. बायका खाली बघत होत्या. बालाजी खाली बघत होता. अहो, एवढी माणसं उभी, सगळ्यांना गळे, आणि एकजण मान वर करेना!

‘‘सटवाऽऽ!’’

या खेपेला भाऊसाहेबांचा आवाज चिरकला. मी त्यांच्याकडे पाहिलं. हातगाडीच्या चष्म्यातून त्यांचा चेहरा वाकडातिकडा दिसत होता, पण भीती स्पष्ट दिसली. तो माणूस ओ यावी म्हणून वाट बघत होता की येऊ नये म्हणून, हे मला आजही सांगता येणार नाही. ज्वारीत, अगदी माझ्या पाठीशी, कोणीतरी ओझं घेऊन थांबावं आणि धापा टाकाव्या तसा श्वास ऐकू येत होता. मी वळून पाहिलं नाही. वळायची छातीच झाली नाही.

‘‘सटवाऽऽ!’’

‘‘ओऽऽ!’’

मी दिली. ठरवून दिली असं म्हणायला मला आवडेल, पण तसं नाही. छत्तीस वर्षं वर्गात हजेरी घेतली. नाव पुकारलं आणि पोर गप्प राहिलं की माझ्या जिवाची नुसती तगमग होते. ती तगमग अशी वर आली आणि तोंडातून ओ निघून गेली. आवाज माझाच होता. निदान निघाला तरी माझ्याच गळ्यातून. पण इतका भरदार की मी स्वतःच दचकले, आणि मागचा तो श्वास थांबला.

मग भाऊसाहेबांनी टोपी काढली, कपाळ पुसलं आणि मोठ्यानं म्हणाले, ‘‘आली. समद्यांनी ऐकली. सटवा हयात हाय.’’ माझ्या हातातली वही घेऊन त्यांनी तेच लिहिलं. मी सही करायला पेन मागितलं तर मान हलवली. ‘‘अंगठा.’’ शाई लावलेला माझा अंगठा मी त्या सगळ्या अंगठ्यांच्या खाली उमटवला. तो जरा फासला गेला. बालाजीनं तिथूनच फोन लावला, आणि पलीकडे कौसाबाईचा मुलगा धाय मोकलून रडताना आम्हा सगळ्यांना ऐकू आला.

आता कौसाबाई माझ्याकडे येईल, हात धरेल, असं मला वाटलं. मी हसून दोन पावलं पुढं झाले. काल तिनं मला अंगणात पाहिलं होतं, उघड्या डोक्यानं, नजरेला नजर देऊन. आता ती तशी आली नाही. तिनं नजर खाली घातली, चांगल्या हातानं पदर ओढून डोक्यावरून पार कपाळापर्यंत घेतला, आणि सासऱ्यासमोर सून उभी राहते तशी अंग चोरून बाजूला झाली. एकेक करत बाकीच्या बायकांनीही पदर घेतले. मग तिनं खाली वाकून, आधाराशिवाय, सगळ्यांच्या आधी माझं पान वाढलं आणि पाठमोरी होऊन वाट बघत बसली, कारण घरातला वडीलधारा जेवल्याशिवाय तिथं कोणी घास घेत नाही. मी खाली बसले आणि जेवले.